आठपट पाण्याची अट

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की नदीची बातमी येते. मेलेले मासे, पांढरा फेस, जलपर्णी, नाकाला रुमाल लावून पूल ओलांडणारी माणसं. दोन दिवसांनी खुलासा येतो : सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची तपासणी केली, बाहेर पडणारं पाणी मानकांत बसतं. मग कॉमेंटमध्ये भांडण सुरू. एक गट म्हणतो अहवाल खोटा. दुसरा म्हणतो, तुम्हीच निर्माल्य आणि प्लास्टिक टाकता, वर प्रशासनाला शिव्या देता.

आज मला तिसरी शक्यता मांडायची आहे. अहवाल शंभर टक्के खरा असू शकतो आणि नदी तरीही मेलेली असू शकते. हे कसं, ते कळायचं तर १९१२ सालच्या एका इंग्रजी अहवालापर्यंत मागे जावं लागतं. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मी बरीच वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. रोज हातात बाटल्या यायच्या, रोज आकडे लिहायचे. या आकड्यांची मर्यादा कुणी ठरवली, कुठे आणि कशी, हा प्रश्न डोक्यात बसला आणि त्यातून हे वाचन झालं.

आधी बीओडी समजून घेऊ, कारण सगळी तपासणी या एका शब्दाभोवती फिरते. पाण्यात घाण असली की जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त खर्च. तो किती खर्च होतो, त्याचा आकडा म्हणजे बीओडी. बाटली ठरावीक तापमानाला, ठरावीक दिवस बंद ठेवायची आणि आधीचा नि नंतरचा प्राणवायू मोजायचा. एवढंच. मासा मरतो तो बहुतेक वेळा विषाने मरत नाही, गुदमरून मरतो. जिवाणूंनी त्याच्या वाटचा प्राणवायू संपवलेला असतो.

आता लंडनला चला. १८५८ चा उन्हाळा. टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावायची वेळ आली. खासदारांच्या नाकाशी आलं म्हटल्यावर कायदा झटपट झाला. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने नदीच्या दोन्ही काठांना समांतर अशी मोठी गटारं बांधली. काम थोरच होतं, आजही वापरात आहे. पण त्या योजनेत प्रक्रिया नव्हती. शहराचा मैला पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेसला न्यायचा आणि ओहोटीच्या वेळी नदीत सोडायचा. लंडनची घाण लंडनच्या नजरेआड गेली, एवढंच.

३ सप्टेंबर १८७८ ला 'प्रिन्सेस ॲलिस' नावाची प्रवासी बोट नेमकी त्या दोन मुखांच्या परिसरात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ती ज्या पाण्यात पडली, त्यात थोड्याच वेळापूर्वी शहराचा मैला सोडलेला होता. त्यानंतर लंडनमध्ये चौकशी आयोग बसला आणि 'नुसतं लांब नेऊन सोडणं' पुरेसं नाही हे मान्य झालं. १८८७ पासून मैल्यातला गाळ वेगळा काढून जहाजाने समुद्रात टाकायला लागले. तेही थेट १९९८ पर्यंत चाललं. आपल्याकडचे लोक इंग्रजांच्या शिस्तीचं कौतुक करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

टेम्सपुरता हा तोडगा झाला. पण इंग्लंडच्या शेकडो गावांना आणि गिरणी-शहरांना प्रश्न होता : किती शुद्ध केलं म्हणजे पुरे? अजिबात घाण सोडू नका म्हटलं तर शहर चालणार नाही. काहीही सोडा म्हटलं तर नदी चालणार नाही. याचं उत्तर शोधायला १८९८ मध्ये सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याचं काम १९१५ पर्यंत, म्हणजे १७ वर्षं चाललं. आज आपल्याकडे तीन महिन्यांत अहवाल मागतात!

या कमिशनचा आठवा अहवाल १९१२ चा. आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र हेच. त्यांनी सुरुवात नदीपासून केली. केंद्रातून काय बाहेर पडतं हा प्रश्न नंतरचा. आधी अनेक नद्यांचं पाणी तपासून त्यांनी प्रतवारी लावली : बीओडी १ म्हणजे अतिशय स्वच्छ, २ म्हणजे स्वच्छ, ३ म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ, ५ म्हणजे शंकास्पद, १० म्हणजे वाईट. (आकडे एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये.) मग म्हणाले, साधारण उन्हाळ्यात नदीने ४ च्या वर जाता कामा नये, त्यापुढे तिचा त्रास सुरू होतो.

नदीची लक्ष्मणरेषा आधी आखली आणि तिथून ते उलटे मागे आले. नदीत मुळात २ बीओडीचं स्वच्छ पाणी आहे. सांडपाण्याच्या आठपट आहे. तर सांडपाणी कितपत घाण असलं तरी चालेल? गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. आठ भाग पाणी गुणिले २, झाले १६. त्यात एक भाग सांडपाणी २० चं. एकूण ३६. भाग झाले नऊ. ३६ भागिले ९, बरोबर ४.

म्हणून २०. आणि तरंगत्या कणांसाठी ३०. जगभर गाजलेलं '३०:२०' मानक ते हेच. आकाशातून पडलेला आकडा नाही हा. त्याच्या पोटात आठपट स्वच्छ पाणी आहे.

कमिशनने पुढे पूर्ण तक्ता दिला. नदीत १५० ते ३०० पट पाणी असेल तर कणांची मर्यादा ६० चालेल. ३०० ते ५०० पट असेल तर १५०. पाचशेपटीच्या वर असेल तर मोठा कचरा वगैरे काढून घ्या, बाकी नदी सांभाळेल. आणि आठपटीपेक्षा कमी पाणी असेल तर? तर २० सुद्धा पुरणार नाही, त्याहून कडक मर्यादा लावा. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, आपल्याला तीच लागणार आहे.

तपासणीची पद्धतही तिथल्याच हवेची होती. बाटली ६५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १८ अंश सेल्सिअसला ठेवायची, पाच दिवस. पाचच का? तर ब्रिटनमधल्या नदीचं पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत म्हणून, असं आमच्या क्षेत्रात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. खरं-खोटं असो, पण आकड्याला त्या बेटाचा वास आहे हे नक्की.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा तक्ता लिहिणाऱ्या देशातही टेम्स सुधारली नव्हती. १९५७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने तिला जैविकदृष्ट्या मृत ठरवलं होतं. पुढे बेक्टन आणि क्रॉसनेसची केंद्रं नीट सुधारली, तेव्हा १९७४ मध्ये टेम्समध्ये पुन्हा सामन मासा सापडला. तेव्हा केंद्रं बिनकामाची असतात असं कुणी या पोस्टमधून काढू नये. केंद्र लागतंच. प्रश्न आहे त्याला मोजायच्या पट्टीचा.

ही पट्टी आपल्याकडे आली कशी? तंत्र आणि आकडे दोन्ही तिकडूनच आले. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा खेळवून जिवाणूंचा गाळ वाढवायची पद्धत मांडली. आज आपल्या बहुतेक मोठ्या केंद्रांत टाक्यांतून पाणी खदखदताना दिसतं, ते याच घराण्यातलं तंत्र. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ज्ञान यायला उशीर झाला असं म्हणायला जागा नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने नद्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी आयएस ४७६४ हे मानक काढलं. त्याच्या १९७३ च्या आवृत्तीत बीओडी २०, कण ३०. ओळखीचे वाटतात ना? कमिशनचा पटींचा तक्ता मात्र पाठ्यपुस्तकांत गेला. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या आपल्याकडच्या पुस्तकांत तो आजही असतो. पोरं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पास होतात. पुढे नोकरीत त्यांच्या हातात जो तपासणीचा कागद येतो, त्यावर फक्त आकडा असतो. पट नसते.

नंतरचे आकडे असे. नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० ची होती. तापमान आपल्या हवेला धरून २७ अंश केलं आणि दिवस पाचाचे तीन केले. हा बदल शहाणपणाचा. २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रक्रिया केंद्रांसाठी वेगळी अधिसूचना काढली : पुण्या-मुंबईसारख्या महानगरांना २०, इतर बहुतेक ठिकाणी ३०. त्याआधी २०१५ च्या मसुद्यात १० होता, अंतिम करताना सैल केला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुन्हा १० चा आग्रह धरला. म्हणजे वाद चालू आहे तो १०, २०, ३० यांच्यात. या वादात नदीत पाणी किती आहे, हे विचारणारा कुणी सहसा दिसत नाही.

आता पुण्याची मुठा घ्या. इंग्लंडच्या नदीत बारा महिने पावसाचं पाणी थोडंथोडं येत राहतं. आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो. १८७९ मध्ये खडकवासला धरण झालं, पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. पावसाळा संपला की दरवाजे बंद. पाणी जातं शहराच्या जलवाहिन्यांत आणि कालव्यात. एप्रिलमध्ये धरणाच्या खाली नदीच्या पात्रात जे वाहतं, ते बहुतांश शहराने वापरून टाकलेलं पाणी असतं. मुंढव्याला बंधारा आणि जॅकवेल बांधून नदीतलं पाणी शेतीसाठी कालव्यात उचलायची योजना केली, तिचा पायाच मुळी हा आहे की नदीत वाहतं ते शहराचं सांडपाणी.

मग आठपट कुठून आणायची? इथे तर एक पटही नाही.

पुन्हा तेच पाचवीचं गणित करू. आपल्याकडे आंघोळीला योग्य नदीची मर्यादा बीओडी ३ आहे. नदीचं मूळचं पाणी २ चं धरा. केंद्रातून ३० चं पाणी सोडलं तर नदी ३ वर राहायला २७ पट स्वच्छ पाणी लागतं. २० चं सोडलं तर १७ पट. अगदी कडक, १० चं सोडलं तरी ७ पट. वहीवर करून बघा. आणि वर पाणीच नसेल तर नदीचा बीओडी तितकाच असणार, जितका केंद्राच्या पाइपाचा. २० चं पाणी सोडणारं केंद्र पास आणि कमिशनच्या प्रतवारीत १० लाच 'वाईट' म्हटलं होतं.

यात उन्हाची भर. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६. म्हणजे आपल्या नदीची थैली मुळातच लहान, खर्च मात्र मोठा. शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस बीओडीत मोजलेच जात नाहीत. जलपर्णी आणि हिरवा तवंग त्यांच्यावरच पोसतो. पाइपाचं पाणी नितळ दिसतं आणि खाली नदीवर जलपर्णीची गादी पसरते, त्याचं एक मोठं कारण हे.

हे नुसतं पुण्याच्या नाकापुरतं नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५३ महाराष्ट्रात होते. सर्व राज्यांत पहिला नंबर आपला.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगते. मध्यंतरी काही नागरिकांबरोबर मी एक केंद्र बघायला गेले होते. कुठलं ते महत्त्वाचं नाही. चालवणारा ऑपरेटर तरुण होता, कामात हुशार. चाळण्या साफ होत्या. हवेच्या टाकीतला रंग चॉकलेटी, वास ओल्या मातीचा. हे चांगलं लक्षण. काळपट रंग आणि सडका वास आला तर समजावं की हवा कमी पडतेय किंवा ब्लोअर बंद राहतायत. त्याने आमच्यासमोर लिटरभर पाणी मोजपात्रात अर्धा तास ठेवून गाळ कसा बसतो ते दाखवलं. शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ग्लास उन्हात धरून म्हणाला, "बघा मॅडम, एकदम क्लिअर."

खरंच क्लिअर होतं. मी विचारलं, "हे जिथे नदीत पडतं, त्याच्या वर आणि खाली पाण्याचा नमुना घेता का?"

"नाही मॅडम. नदी आमच्या स्कोपमध्ये नाही."

मला त्याचा राग आला नाही. तो त्याच्या करारात लिहिलेलं काम चोख करत होता. पण भिंतीपलीकडे, त्याच्या पाइपापासून हाकेच्या अंतरावर, एक नाला प्रक्रिया न होता थेट नदीत पडत होता. तोही कुणाच्या स्कोपमध्ये नसावा. माझ्या पाहण्यात जे तपासणीचे कागद आले, त्यांत आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी असे दोन रकाने होते. तिसरा, नदीचा, दिसला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी म्हणेल, इंग्रजांची ती अट आपल्या कायद्यात आलीच नाही, मग अधिकारी तरी काय करणार? आली आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, देशाच्या आधी. पुढे १९७४ चा केंद्राचा जल कायदा आला. त्याचं कलम १७ राज्य मंडळाची कामं सांगतं. पोटकलम (१) मधला खंड (के) काढून वाचा. त्याचा अर्थ असा : एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याचं मानक ठरवताना, कोरड्या दिवसांत त्या प्रवाहात कमीत कमी किती पाणी मिसळायला मिळतं आणि सांडपाणी मिसळल्यानंतर नदी किती प्रदूषण सोसू शकते, हे लक्षात घ्यायचं.

'विशिष्ट प्रवाह.' 'कोरड्या दिवसांतलं किमान पाणी.' म्हणजे १९१२ चं शहाणपण संसदेने १९७४ मध्ये कायद्यात लिहून ठेवलंय. मुठेला मुठेचा आकडा, पंचगंगेला पंचगंगेचा, गोदावरीला गोदावरीचा. बारमाही भरलेल्या नदीला आणि एप्रिलमध्ये कोरड्या पडणाऱ्या नदीला एकच आकडा लावायचा, असं कायदा म्हणत नाही. देशभरचा आकडा ही किमान अट आहे. एखाद्या नदीसाठी त्याहून कडक करायला दार उघडं आहे.

मग होत का नाही? मला वाटतं, एकच आकडा सगळ्यांना सोयीचा पडतो. निविदा काढायला सोपा, ठेकेदाराला बांधायला सोपा, निरीक्षकाला तपासायला सोपा. नदीगणिक आकडा काढायचा तर आधी विचारावं लागेल की एप्रिलमध्ये नदीत पाणी किती सोडणार. तो प्रश्न धरणाचा, कालव्याच्या आवर्तनाचा, शहराच्या कोट्याचा. तिथे हात घातला की शेतकरी, शहर आणि पाटबंधारे तिघंही उठून बसतात. त्यापेक्षा पाइपाचा नमुना घेतलेला बरा. आणि हे भांडण खोटं नाही बरं का. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला पाणी हवंच आहे, नदीसाठी सोडा म्हटलं की ते कुणाच्या तरी वाटचं जाणार. पण निदान उघडपणे मांडा. आज नदीचा हिस्सा शून्य धरलाय आणि तो शून्य कुठल्याच कागदावर लिहिलेला नाही.

पुण्यात ३९६ एमएलडी क्षमतेची ११ नवी केंद्रं जपानच्या कर्जातून घेतली गेली, ज्याला आपण 'जायका' म्हणतो. हवीच होती. नाले जोडले गेले, केंद्रं नीट चालली तर फरक पडेल. पण केंद्रं झाली म्हणजे नदी झाली असं समजून टाळ्या वाजवू नका.

तुमच्या गावात केंद्र असेल तर बघायला जा, परवानगी मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात विचारा. हे प्रश्न कामाला येतील :

१. गेल्या एप्रिल-मेमध्ये केंद्राच्या वरच्या बाजूला नदीत रोज किती पाणी वाहत होतं? केंद्र किती सोडत होतं? पट किती?
२. पाणी नदीला मिळतं त्याच्या वर आणि खाली घेतलेल्या नमुन्यांचे बीओडी आणि विरघळलेल्या प्राणवायूचे आकडे द्या.
३. नमुना एकाच वेळी घेतला की दिवसभर थोडाथोडा? (सकाळी सात ते दहा शहर आंघोळ करतं तेव्हा लोंढा येतो. दुपारी तीनचा नमुना वेगळंच सांगतो.)
४. केंद्राचं महिन्याचं वीजबिल दाखवा. ब्लोअर किती चालले ते बिल खोटं बोलत नाही.
५. बायपासचं गेट गेल्या वर्षात किती वेळा उघडलं? वीज गेल्यावर काय करता?
६. या नदीसाठी कलम १७(१)(के) प्रमाणे वेगळं मानक ठरवलं आहे का? असेल तर प्रत द्या.

सहावा प्रश्न सगळ्यांनी विचारा. एकाने विचारला तर उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' येईल. पाचशे अर्ज गेले तर कुणाला तरी ती फाइल उघडावी लागेल.

ज्यांच्याकडे अशा अर्जांची उत्तरं आधीच आलेली असतील, त्यांनी कॉमेंटमध्ये टाका. नदीचं नाव आणि वर्ष लिहायला विसरू नका. एका जागी जमवून तक्ता करते. रकाने तीन ठेवणार आहे : आत येणारं, बाहेर जाणारं आणि नदी.